अण्णांचे टेबल उचलू नका

प्रति,
अण्णांच्या स्मृतिदिनासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष व सदस्य,
तसेच पूर्व भागातील मंडळांचे पदाधिकारी आणि प्रभागातील लोकप्रतिनिधी,
सोलापूर.

विषय : अण्णांच्या पहिल्या स्मृतिदिनाचा कार्यक्रम आणि कायमचे स्मारक.

स.न.वि.वि.

स्मृतिदिनाचे आपले पत्रक हाती आले. सकाळी रक्तदान, मग चौकाच्या नामफलकाचे अनावरण, संध्याकाळी मान्यवरांची मनोगते, आणि पुढच्या वर्षापर्यंत निधी जमला की अर्धपुतळा. रक्तदान जरूर करावे. नामफलकाचा ठराव महापालिकेच्या सभेत होईल तेव्हा होईल. पण अर्धपुतळ्याच्या कट्ट्यासाठी पत्रकात जी जागा सुचवली आहे, ती बोळाच्या तोंडाशी, पत्र्याच्या शेडखालची आहे. तिथे सध्या अण्णांनी सुरू केलेले टेबल आहे, बिडी कामगार बायकांचे कागद आणि अर्ज करून देण्याचे, आणि ते संध्याकाळी चालू असते. म्हणून हे पत्र.

पत्रकातल्या दोन गोष्टीही दुरुस्त कराव्यात. अण्णा दानशूर नव्हते. उसने मागायला येणाऱ्याला ते तोंडावर नाही म्हणत आणि पतसंस्थेच्या जामिनावर त्यांनी कधी सही केली नाही. दुसरे म्हणजे 'समाजासाठी घरादारावर तुळशीपत्र ठेवले' हे वाक्य. हे ऐकून त्यांच्या घरातली माणसे हसतील. अण्णा यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते. दिवसपाळी करून आठ तास लूम दुरुस्त करायचे, पगार घरी द्यायचा, संध्याकाळी सहा ते आठ टेबलावर बसायचे आणि आठला उठायचे. समोर चार माणसे उरली असली तरी उठायचे. हे काम इतकी वर्षे टिकले ते या आठच्या ठोक्यामुळे, असे आमचे स्पष्ट मत आहे. घरावर तुळशीपत्र ठेवून समाजसेवेला निघालेले बरेच जण या भागाने पाहिले. दोन-तीन वर्षांत ते थकले, नाहीतर तिकीट मागायला लागले.

टेबलावर नेमके काय चालते हे समितीतल्या तरुण सदस्यांना बहुधा माहीत नसेल, म्हणून जरा तपशिलात लिहितो.

पूर्व भागात घरोघरी बिडी वळली जाते. पाने रात्री भिजवायची, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, सकाळी फर्म्यावर धरून कातरीने कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा, तोंड नखाने दुमडायचे. पंचवीस-पंचवीसची चाळीस बंडले झाली की हजार बिडी, आणि हजार बिडीला बाईचा अख्खा दिवस जातो. माल कारखान्यात नेऊन दिला की तिथे छाट निघते, म्हणजे वाकडी, सैल, फुटकी म्हणून काही बिड्या बाजूला काढतात आणि त्यांची मजुरी मिळत नाही. १९६६ च्या बिडी कामगार कायद्याखालच्या नियमांनी साधारणपणे शंभरात पाचाच्या वर छाट काढायला बंदी घातली होती. टेबलावर येणाऱ्या बहुतेक बायकांना हा आकडा ठाऊक नसायचा. अण्णा त्यांना सांगत, छाट किती निघाली ते रोज लिहून ठेव. एका दिवसाची तक्रार कुणी ऐकत नाही, तीन महिन्यांचे आकडे समोर ठेवले की ऐकावे लागते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि जुना कायदा त्यांत गेला. कलमांचे क्रमांक बदलले, पण लिहून ठेवण्याची गरज तशीच आहे.

'आधी बुक दाखव.' समोर कुणीही बसले की अण्णांचे पहिले वाक्य हेच. मजुरीचे बुक, पीएफचा नंबर, बिडी कामगाराचे ओळखपत्र, आधार, बँकेचे पासबुक. या पाचांवर जे नाव आहे ते ते एका कोऱ्या कागदावर एकाखाली एक, अक्षर न् अक्षर उतरवून घेत. हा कागद म्हणजे अर्धे काम. आपल्याकडे नाव लिहिणाऱ्याने ते कानाने ऐकलेले असते. बाई तेलुगूत सांगते, कारकून मराठीत लिहितो, संगणकावरचा मुलगा इंग्रजीत बसवतो. मग एकच बाई पीएफला लक्ष्मीबाई, आधारला लक्ष्मी, बँकेत लक्ष्मव्वा होते. कुठे माहेरचे आडनाव, कुठे सासरचे, कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी. नवऱ्याचे नाव एका कागदावर नरसय्या आणि दुसऱ्यावर नरसप्पा. जन्मतारखेची तीच गत. शाळेत गेलेली असेल तर १ जून आणि आधार काढताना नुसते वर्ष सांगितले असेल तर १ जानेवारी.

आता यातले दुरुस्त काय करायचे? घाईत लोक आधारच बदलायला धावतात, आणि फसतात. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, जन्मतारीख एकदाच. एजंटाच्या सांगण्यावरून एकदा चुकीची तारीख टाकली की पुढची वाट फार बिकट होते. अण्णांचा क्रम ठरलेला होता. आधारवरचे नाव वापरता येण्यासारखे असेल तर त्याला हात लावायचा नाही, बाकीचे सगळे कागद त्याच्याजवळ आणायचे. पहिल्यांदा बँक, कारण तिथे काम त्यातल्या त्यात लवकर होते. मग पीएफ. पीएफमधल्या दुरुस्तीला संयुक्त घोषणापत्र लागते, कामगाराचे आणि मालकाचे मिळून. कारखाना बंद पडलेला असेल तर मालकाची सही कुठून आणणार, इथे शेकडा नव्वद जण हात टेकतात. पण बंद आस्थापनेच्या बाबतीत राजपत्रित अधिकारी, नोटरी, पोस्टमास्तर अशांचे साक्षांकन चालते. हे माहीत नसल्याने कित्येक अर्ज कपाटांत पडून राहिले. लग्नानंतरचे आडनाव सिद्ध करायला विवाह नोंदणीचा दाखला हवा असतो. जुनी लग्ने नोंदलेली नसतात, पण उशिराही नोंदता येतात. आणि उत्पन्न, रहिवास, जात या दाखल्यांसाठीचे प्रतिज्ञापत्र साध्या कागदावर होते. त्यासाठी स्टॅम्प पेपर विकणाऱ्याशी अण्णांचे एकदा कडाक्याचे भांडण झाले होते. त्यांना चढ्या आवाजात बोलताना लोकांनी तेवढेच पाहिले.

पेन्शनचा विषय यापेक्षा नाजूक. कर्मचारी पेन्शन योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून आहे. दहा वर्षे सेवा भरली आणि वयाची ५८ पूर्ण झाली की १०-डी हा अर्ज भरायचा. सूत्र सोपे आहे : पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. साडेतीन हजार पगार आणि पेन्शनपात्र सेवा वीस वर्षे धरली तर बरोबर एक हजार रुपये येतात. बिडीच्या मजुरीत बहुतेकींचा हिशेब याच्या खालीच राहतो, म्हणून १ सप्टेंबर २०१४ पासून लागू झालेल्या किमान हजार रुपयांवर त्या थांबतात. हजार रुपयांत म्हातारपण निघत नाही, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. पण तो हजारही हातचा जातो तो तीन जागी, आणि अण्णांचा निम्मा वेळ या तीन जागा राखण्यात गेला.

पहिली जागा म्हणजे आठ-नऊ वर्षे झाल्यावर काम सोडून पैसे काढणे. मुलीचे लग्न ठरते, कुणीतरी सांगते की १०-सी भरला की पेन्शन खात्यातलेही पैसे मिळतात. मिळतातही, थोडेसे. पण तेवढी सेवा पुसली जाते आणि पुन्हा कामाला लागल्यावर मोजणी शून्यापासून सुरू होते. त्याच १०-सी अर्जावर पैसे न घेता योजना प्रमाणपत्र मागता येते. ते घेतले की जुनी वर्षे जिवंत राहतात आणि पुढच्या वर्षांत मिळतात. अण्णा १०-सी भरायला आलेल्या बाईला त्या दिवशी अर्ज भरून देतच नसत. घरी जा, नवऱ्याशी बोल, परवा ये. परवा आलेल्यांपैकी पुष्कळ जणी प्रमाणपत्र मागत.

दुसरी जागा म्हणजे कारखाना बदलणे. एका कारखान्यात सात वर्षे, दुसऱ्यात सहा. नंबर दोन, खाती दोन, आणि दोन्हीकडे दहाच्या आत. बेरीज तेरा होते, पण ती कुणी करतच नाही. जुने खाते नव्यात वर्ग करण्याचा अर्ज, फॉर्म १३, नव्या ठिकाणी लागल्या लागल्या भरायचा असतो. तो वीस वर्षांनी भरायला गेले की जुन्या कारखान्याची दप्तरे वाळवीने खाल्लेली असतात.

तिसरी जागा पन्नाशीची. पन्नासनंतर लवकर पेन्शन घेता येते, पण ५८ च्या आधीच्या प्रत्येक वर्षाला चार टक्के कपात होते आणि ती कायमची. 'आत्ता मिळतेय तर घे' हा शेजारणीचा सल्ला प्रेमाचाच असतो. अण्णा कागदावर दोन्ही आकडे लिहून पुढे सरकवत आणि गप्प बसत.

एक गुंता पत्रात लिहावा की नाही यावर आमच्यात दोन मते होती, पण समितीला कळायला हवा. कितीतरी घरांत नाव सासूचे आणि वळणाऱ्या दोघी. सासू-सून मिळून हजार करतात, बुक एकच, पीएफ एकीच्याच नावावर. सुनेची पंधरा वर्षे कुठेच नोंदली जात नाहीत. पुढे सासू वारली की नाव कमी होऊन काम सुटेल या भीतीने सून तिच्याच नावावर माल देत राहते. हे उघडे पडते तेव्हा वारसाचे सगळे दावे अडकतात. सेवेत असताना सभासदाचा मृत्यू झाला तर घरच्यांना विमा मिळतो, त्याची कमाल रक्कम सात लाख आहे, आणि तो मृत्यूच्या तारखेवर ठरतो. तारखेनंतरही हजेरी दिसली की काय उत्तर देणार? अण्णा अशा घरी स्वतः जात, सुनेला वेगळे बुक काढून द्यायला लावत, आणि हे सासू धडधाकट असतानाच व्हावे असा त्यांचा आग्रह असे. या एका बाबतीत ते लोकांच्या घरात नाक खुपसत. काहींनी त्यांना दारातून परतही पाठवले.

मृत्यूच्या घरी ते दुसऱ्या दिवशी सकाळी जात. रडणाऱ्यांत बसत, चहा घेत नसत, आणि निघताना घरातल्या शहाण्या माणसाला बाहेर बोलावून एकच गोष्ट सांगत : मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करा आणि नाव आधारवर आहे तसेच लिहा. दवाखान्यात मृत्यू झाला तर नोंद दवाखाना कळवतो, घरी झाला तर घरच्यांनी करायची. महिना उलटला की परवानग्या सुरू होतात, वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. नावातले एक अक्षर तिथे चुकले तर पुढे फॉर्म २० (पीएफची रक्कम), १०-डी (पेन्शन) आणि ५-आयएफ (विमा) हे तिन्ही दावे त्या अक्षराशी अडतात. घरातला कमावता माणूस साठीच्या आत गेला आणि घर दारिद्र्यरेषेखालच्या यादीत असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे वीस हजार रुपयेही मिळतात. तेराव्यानंतर त्याचा अर्ज.

बोटांचे ठसे हा प्रकार सगळ्यांत जास्त वेळ खातो. चाळीस वर्षे कातर, पान आणि दोरा यांनी अंगठ्याची आणि तर्जनीची कातडी अशी गुळगुळीत होते की उजेडात धरली तर रेषाच दिसत नाहीत, नुसती चकाकी. रेशन दुकानात, बँकेत, हयातीच्या दाखल्याला यंत्र बाईला ओळखत नाही. बाई घाबरून बोट जोरात दाबते, त्याने ठसा आणखी पसरतो. अण्णांनी यावर शोधलेली रीत साधी आहे. हात कोमट पाण्याने धुवायचे, तंबाखूचा थर आणि तेल पुसायचे, बोट पूर्ण कोरडे न करता किंचित दमट ठेवायचे, आणि अंगठा सोडून करंगळी किंवा तिच्या शेजारचे बोट लावायचे. वळताना ही बोटे कमी घासली जातात. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जावे, माल देऊन आलेल्या संध्याकाळी जाऊ नये. एवढ्यानेही झाले नाही तर चेहऱ्यावरून. हयातीच्या दाखल्याचे जीवन प्रमाण ॲप आणि आधारचे चेहरा ओळखणारे ॲप अशी दोन्ही फोनमध्ये हवीत. बाईला खिडकीकडे तोंड करून बसवायचे, मागे साधी भिंत, चष्मा काढायचा, पापणी लवायची वाट पाहायची. पेन्शन देणारे कार्यालय निवडताना पीएफचेच निवडायचे. तिथे भलतेच खाते निवडले तर दाखला निघतो पण पोचत नाही, आणि पेन्शन थांबल्यावरच ते कळते. पीएफ पेन्शनचा दाखला वर्षात कधीही देता येतो आणि दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो. म्हणून अण्णा बायकांना नोव्हेंबरच्या गर्दीतून काढून वेगवेगळ्या महिन्यांत वाटून देत. वहीत महिनावार यादी आहे.

मुलांच्या शिष्यवृत्तीचे थोडक्यात. बिडी कामगारांच्या मुलांना पहिलीपासून मिळते, प्राथमिकला वर्षाला हजार रुपये, पदवीला सहा हजार, व्यावसायिक अभ्यासक्रमाला पंचवीस हजार. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. पालकाची सहा महिने सेवा हवी. दोन ठिकाणी माशी शिंकते. एक, शाळेने अर्ज तपासून पुढे पाठवायचा असतो आणि मुदत संपेपर्यंत तो तिथेच पडून राहतो. दोन, खाते आधारशी जोडलेले असते पण सरकारी पैसे जमा होण्यासाठी ज्या बँकेची नोंद व्हावी लागते ती वेगळीच, जुनी असते. मुलगा म्हणतो पैसे आले नाहीत, पैसे आलेले असतात कधीच बंद केलेल्या खात्याकडे. आधी बँकेत जाऊन नोंद कुठल्या खात्याची आहे ते विचारायचे, मगच अर्ज.

आता घराचे. पत्रकात कुटुंबाचा उल्लेख फक्त 'दुःखातून सावरलेले' एवढाच आहे.

अण्णांच्या पत्नी बिडी वळत. पीएफ म्हणजे काय हे अण्णा त्यांच्या बुकापासून शिकले, हे समितीने मनोगतात आवर्जून सांगावे. टेबल सुरू करायचे ठरले तेव्हा अटी वहिनींनी घातल्या आणि त्या शेवटपर्यंत पाळल्या गेल्या. नळाला पाणी यायच्या दिवशी टेबल बंद. पाणी चार-पाच दिवसांआड यायचे आणि ते भरायचे काम अण्णांचे. घरात कुणाचे कागद आणायचे नाहीत, जे काही ते शेडखाली. रात्री दार वाजवायचे ते दवाखाना असेल तरच. रविवारी टेबल नाही. रविवारी ते मुलींना घेऊन बसत, एकीचे गणित आणि दुसरीचे पाढे, आणि दुपारच्या भाकरी थापायला वहिनींच्या जागी स्वतः बसत. भाकऱ्या गोल येत नसत, पण शेंगा चटणी त्यांच्याच हातची लागायची असे मुली सांगतात. गड्ड्याच्या यात्रेत एक संध्याकाळ आणि नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सवाचा दिवस घरच्यांचा. त्या दिवशी रथापुढे गाठून कुणी फॉर्मबद्दल विचारले तर ते 'उद्या सहाला' म्हणत पुढे जात. राग येई लोकांना.

टेबलावर वहिनींची फाईल आली तेव्हा ती रांगेत लागली. त्यांच्याही नावात घोळ होताच. आणि अण्णा गेले तेव्हा त्यांची स्वतःची फाईल कपाटात वरच्या खणात होती : वारसनोंद झालेली, नाव सगळीकडे एकसारखे, बँकेचे खाते दोघांचे, कुठला अर्ज आधी भरायचा तो क्रम पहिल्या पानावर. वहिनींना एकदाही कुणाच्या पुढे जाऊन उभे राहावे लागले नाही. दुसऱ्यांची कामे करणाऱ्यांच्या घरी सहसा उलटे असते.

वहीबद्दल समितीत चर्चा झाल्याचे कळले. ती काचेच्या पेटीत ठेवायची कल्पना आहे म्हणे. कृपा करून ठेवू नका. वह्या पाच आहेत आणि पाचही चालू आहेत. प्रत्येक पानावर सहा रकाने : तारीख, नाव, काम काय, कुठला कागद कमी, कुणाकडे अडले, पुढची तारीख. पुढची तारीख हा रकाना मोकळा ठेवायचा नाही, हा नियम. काम झाले की लाल पेनाने तिरकी रेघ. आधारचा नंबर वहीत कुठेही नाही, झेरॉक्स ठेवलेली नाही. काम झाले की कागद ज्याचे त्याला परत. नावे आणि अडचणी लोकांच्या खासगी आहेत. त्या काचेतून कुणी वाचाव्यात हे अण्णांना चालले नसते आणि त्या बायकांनाही चालणार नाही.

तेव्हा स्मारकासाठी आमचे म्हणणे असे. शेड राहू द्या. पत्रा गळतो तेवढा बदलून द्या आणि एक दिवा, एक पंखा यांची जोडणी महापालिकेच्या रीतसर परवानगीने करून द्या, आकडा टाकून नको. कुलपाचे एक लोखंडी कपाट. बसायला दोन बाकडी, म्हाताऱ्या बायकांना जमिनीवरून उठता येत नाही. समोरचा कॅमेरा चांगला असलेला एक फोन, जो टेबलावरच राहील, कुणाच्या खिशात जाणार नाही. आणि माणसे. पैशांपेक्षा ही लागतील. बारावी झालेली, सुवाच्य अक्षराची, एक तेलुगू आणि एक कन्नड बोलणारी अशी निदान सहा मुले-मुली मंडळांनी द्यावीत. एकाने आठवड्यात दोन संध्याकाळींपेक्षा जास्त बसू नये. शिकायला तीन महिने लागतात. पहिला महिना नुसती नावे उतरवायची, दुसऱ्यात बँक आणि शिष्यवृत्ती, पीएफचे अर्ज तिसऱ्या महिन्यात आणि तेही दुसऱ्याने तपासल्याशिवाय पाठवायचे नाहीत.

शहराबाहेरच्या कुंभारीचाही विचार व्हावा. २००६ मध्ये गोदूताई परुळेकर वसाहतीची दहा हजार घरे बिडी कामगार महिलांना मिळाली आणि पूर्व भागातली कितीतरी कुटुंबे तिकडे गेली. तिथल्याच रे नगरच्या तीस हजार घरांपैकी पंधरा हजारांचा ताबा १९ जानेवारी २०२४ रोजी दिला गेला. घर बदलले की पत्ता बदलतो, रेशन दुकान बदलते, बँकेची शाखा लांब पडते, आणि जुन्या पत्त्यावर आलेले पत्र परत जाते. त्या बायका आजही बसने इथे टेबलावर येतात, येण्या-जाण्यात अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते. आठवड्यातून एक संध्याकाळ टेबल तिकडे लागले तर ते चौकाच्या नावापेक्षा जास्त उपयोगाचे होईल. याची सोय अण्णांनाही जमली नव्हती, कारण आठला घरी पोचायचे होते.

काही गोष्टी मात्र टेबलावर नकोत. पैशांचे व्यवहार, बचत गटांची भांडणे, नवरा-बायकोचे तंटे, पोलिसांतली प्रकरणे. ती त्या त्या जाणकारांकडे पाठवायची. अर्ज भरताना बायकांचे फोटो काढून समाजमाध्यमांवर टाकायचे नाहीत. निवडणूक जाहीर झाली की टेबलावर कुणाचा गमछा, कुणाचे कॅलेंडर दिसता कामा नये, लोकप्रतिनिधींना आम्ही हे मुद्दाम सांगतो आहोत. शुल्क शून्य, झेरॉक्सचे पैसे ज्याचे त्याने दुकानात द्यायचे. एकदा का 'चहापाण्याचे' दहा रुपये सुरू झाले की वर्षभरात ते शंभर होतात आणि मग एजंट आणि टेबल यांत फरक उरत नाही.

सध्या वहीत पुढच्या तारखा पडलेली प्रकरणे पुष्कळ आहेत. त्यांत विधवा पेन्शनचे दावे आहेत, दोन खाती एकत्र करायचे अर्ज आहेत, आणि मुलांच्या शिष्यवृत्तीचे दुरुस्तीला परत आलेले अर्ज आहेत, त्यांची मुदत सगळ्यांत आधी संपते. कट्ट्याच्या जागेचा निर्णय होईपर्यंत शेडमध्ये खोदकाम सुरू करू नये आणि कपाट हलवायचे झाल्यास आदल्या दिवशी कळवावे, म्हणजे वह्या काढून घेता येतील. जागेबाबत बोलायला आमच्यापैकी दोघे समितीच्या बैठकीला येतील. बैठक संध्याकाळी सहाच्या आत संपेल अशी ठेवावी.

आपले,
टेबलावर काम करणारे
पूर्व भाग, सोलापूर